एक्सप्रेसमध्ये रिस्पॉन्सचा 'फिनिश' इव्हेंट काही रिक्वेस्टला येतच नाही

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी, एक्सप्रेसवर (नोड.जेएसचं वेब फ्रेमवर्क) एपीआय आहे, सगळ्या राउटच्या आधी एक मिडलवेअर (राउटच्या आधी चालणारं फंक्शन) लावलंय आणि त्यात रेसच्या (रिस्पॉन्स ऑब्जेक्ट, res) 'फिनिश'वर किती मिलिसेकंद लागले ते लॉग करतो. बाकी सगळं नीट दिसतं पण मोठ्या रिपोर्टच्या काही रिक्वेस्ट लॉगमधून गायबच, आणि पुढे लावलेल्या एनजिनएक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच वेळेला 499 दिसतोय. शिवाय तिथेच वेळेचा हेडर टाकायला गेलं की हेडर आधीच गेलेत म्हणून एरर येतो. कुठे बघू?

बॅकएंडवाला:
499 म्हणजे समोरच्याने उत्तर यायच्या आत कनेक्शन तोडलं, टॅब बंद केला किंवा ॲपचा टाइमआउट झाला. मग एनजिनएक्स नोडकडचं कनेक्शनपण सोडून देतो आणि तुम्हाला 'फिनिश' येत नाही, नुसता 'क्लोज' येतो. तसंही 'फिनिश'चा अर्थ एवढाच की शेवटचा तुकडा ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिला, क्लायंटला पोचला असं अजिबात नाही. आताच्या नोडमध्ये 'क्लोज' दोन्ही वेळेला येतो, त्यामुळे लॉग तिथे करा आणि रेस.रायटेबलफिनिश्ड (सगळं उत्तर लिहून झालं का) तपासा, फॉल्स असेल तर मध्येच तुटलंय. हेडरसाठी ऑन-हेडर्स पॅकेज घ्या, ते हेडर लिहायच्या अगदी आधी तुमचं फंक्शन चालवतं.

स्मिता_नोड:
वरचं बरोबर आहे, फक्त 'क्लोज' रेसवरच ऐका, रेकवर (रिक्वेस्ट ऑब्जेक्ट, req) नको!! नोड 16 पासून रेकचा 'क्लोज' रिक्वेस्ट पूर्ण वाचून झाली की येतो, सॉकेट बंद व्हायची वाट बघत नाही. पोस्टमध्ये जेसनची बॉडी पार्स झाली की लगेच फायर होतो आणि क्लायंट गेला असं वाटत राहतं. जुन्या ब्लॉगमधला कोड उचलला की हमखास हेच होतं.

रात्रपाळी:
मस्त, रेसवर 'क्लोज' लावला आणि गायब रिक्वेस्ट दिसायला लागल्या. पण क्लायंट गेल्यावरही रिपोर्टचं काम मागे चालूच राहतं, ते कसं थांबवू?

बॅकएंडवाला:
ते आपोआप थांबत नाही, नोडला तुमच्या कामाची काही कल्पना नसते. प्रत्येक रिक्वेस्टला एक ॲबॉर्टकंट्रोलर (काम रद्द करायचा सिग्नल देणारा ऑब्जेक्ट) बनवा, 'क्लोज'मध्ये रायटेबलफिनिश्ड फॉल्स असेल तर ॲबॉर्ट करा, आणि त्याचा सिग्नल फेचला (दुसऱ्या सर्व्हरला रिक्वेस्ट करणारं फंक्शन) द्या. डेटाबेसची क्वेरी मात्र वेगळी रद्द करावी लागते, पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी पीजी_कॅन्सल_बॅकएंड हे फंक्शन आहे. आणि फाइल पाठवताना स्ट्रीमचा (तुकड्यातुकड्याने येणारा डेटा) साधा पाइप वापरत असाल तर तो आधी काढा, कनेक्शन तुटलं तरी तो फाइल उघडीच ठेवतो आणि अशा उघड्या फाइली साचत जातात, स्ट्रीमचं पाइपलाइन फंक्शन ती बंद करून टाकतं.