शिसे केवळ रंगातून येत नाही

घराला जुना रंग नसेल तर गरोदरपणी शिशाची आणि पर्यायाने बाळाच्या श्रवणाची काळजी नको, असे बरेचदा म्हटले जाते; पण हा मुद्दा किनाऱ्यावरच्या घरांना लागू होत नाही. माझे माहेर हर्णैजवळचे. तेथे पागाला, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याला, लावायच्या शिशाच्या गोळ्या पडवीतल्या चुलीवर घरीच ओतल्या जात, आणि शेजारी बसून गरोदर सून भाजी निवडत असे, हे मी पाहिलेले आहे. तो धूर आणि ती धूळ श्वासातून व हातातोंडातून शरीरात जाते, हाडांत कित्येक वर्षे साठून राहते, आणि गर्भारपणी हाडांतले कॅल्शियम सुटू लागले की त्याबरोबर रक्तात उतरून वारेतून बाळापर्यंत पोचते. त्यामुळे ओतकाम थांबवल्यावरही धोका लगेच सरत नाही.

जन्मानंतरची बाळाच्या श्रवणाची ओएई चाचणी चांगली आली म्हणून निर्धास्त होणेही मला पटत नाही. ती आतल्या कानातील केसपेशींचा प्रतिसाद मोजते. शिशाचा परिणाम मात्र श्रवणचेतेतून, म्हणजे कानाच्या नसेतून, मस्तिष्कस्तंभाकडे, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठासारख्या भागाकडे, जाणाऱ्या संदेशांवरही होऊ शकतो, आणि ते तपासण्यासाठी बेरा चाचणी लागते. घरात ओतकाम झालेले असल्यास ते डॉक्टरांना न विसरता सांगावे.