शब्दचर्चा: चेतापेशीची ‘ओळख’ की चेतापेशीचा ‘पिंड’?

जुळे सोलापूर: अकरावीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय. प्रयोगशाळेतल्या सूत्रकृमीला जेमतेम ३०२ चेतापेशी. त्यांतली कुठली स्पर्श जाणणार, कुठली मीठ चाखणार, हे जनुकं कशी ठरवतात हा विषय. ‘आयडेंटिटी’ला काय म्हणू? ‘अस्मिता’ लिहून खोडलं. त्यात ‘मी’ येतो, पेशीला ‘मी’ नसतो.

होटगी रोड: ‘पिंड’ घ्या. ‘त्याचा पिंडच गवयाचा’ म्हणतो तसं. मेक-३ हे जनुक बिघडलं तरी स्पर्शाच्या सहा पेशी जन्मतात. पण काडीला भुवईचा केस चिकटवून हळूच अंगाला लावला, तर किडा हलत नाही. पेशी आहे, पिंड नाही.

मोहोळ: आमच्याकडे सूत्रकृमी म्हटलं की डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारा आठवतो. हा वेगळा, मिलिमीटरभर लांब, कुजक्या फळांवरचे जिवाणू खाणारा, हे आधी सांगा. नाहीतर मुलं औषध फवारायला निघतील.

जुळे सोलापूर: मोहोळकरांची सूचना पहिल्याच ओळीत घालते. ‘पिंड’ मनापासून आवडला होता, पण चे-१ या जनुकाने अडवलं. मीठ चाखणाऱ्या दोन पेशींना तेच घडवतं, आणि घडवून थांबत नाही, जन्मभर चालू राहतं. मोठ्या किड्यात ते काढून घेतलं, तर तयार पेशीही आपले गुण हरवते. मराठीत पिंड एकदा घडतो, मग ‘पिंड टिकवला’ असं कुणी म्हणत नाही. ओळख मात्र टिकवावी लागते, पुसलीही जाते. मला वाटतं, क्रियापदानेच निकाल दिला.

अशोक चौक: वडील जकार्ड मागावर चादरी विणायचे. छिद्रांच्या कार्डांची माळ फिरतेय तोवर मोर उमटतो. माळ काढली की सूत तेच, माग तोच, मोर नाही. तुमचं चे-१ मला त्या माळेसारखं वाटतं.

होटगी रोड: पटलं, ‘पिंड’ मागे घेतो. छिद्रांची उपमाही नेमकी बसते. या किड्यात चेतापेशींचे ११८ प्रकार, आणि प्रत्येकात होमिओबॉक्स जनुकांची (इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या एका कुटुंबाची) जुळणी वेगळी, असं २०२० मध्ये दिसलं. आता दुसरी अडचण. चे-१सारख्या, ओळख घडवून ती राखणाऱ्या जनुकांना जीवशास्त्रज्ञ ऑलिव्हर होबर्ट यांनी २००८ मध्ये ‘टर्मिनल सिलेक्टर’ म्हटलं. त्याचं ‘अंतिम निवडक’ करू नका. ‘निवडक कविता’ म्हणजे निवडलेल्या कविता, निवडणाऱ्या नव्हेत. अर्थ उलटा होतो.

जुळे सोलापूर: मग ‘निवडकर्ते’ म्हटलं तर अर्थ बरोबर येतो, पण जन्मभर राखण्याचा भाग त्यातून सुटतो. ‘ओळखराखे जनुक’ कसं वाटतं?

अशोक चौक: ऐकताक्षणी कळलं. अनेकवचन ‘ओळखराखी जनुके’ ना?

जुळे सोलापूर: हो. तसंच लिहिते.