गॅरेजची राहती खोली करायची आहे: जमिनीची उंची, ओल आणि सांडपाणी यांबाबत मदत हवी

घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये वडिलांसाठी झोपण्याची खोली आणि लहानसे न्हाणीघर करायचे ठरले आहे. वडील वॉकर घेऊन चालतात, जिना चढणे त्यांना जमत नाही, आणि गाडी विकल्यापासून ती जागा रिकामीच पडून आहे. कंत्राटदाराचे म्हणणे असे की शटर काढून तिथे भिंत घालावी, आहे त्या कोब्यावर फरशी बसवावी आणि आतून रंग द्यावा, की काम झाले. मला ते इतके सोपे वाटत नाही, म्हणून तपशील देऊन विचारत आहे.

गॅरेज आतून ५.५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. एक भिंत घराशी सामाईक, तिच्या समोरची बाजूची भिंत थेट हद्दीवर, मागे थोडी मोकळी जागा आणि पुढे २.४ मीटर रुंदीचे शटर. हद्दीवरची आणि मागची भिंत अर्ध्या विटेची आहे. पावसाळ्यात हद्दीकडच्या भिंतीचा रंग खालून फुगतो आणि पांढरा लोणा दिसतो. घरात उघडणारे दार मागच्या टोकाला आहे आणि तिथे घराची फरशी गॅरेजच्या जमिनीपेक्षा ३०० मिलिमीटरने उंच आहे. जमिनीपासून छतापर्यंतची उंची शटरजवळ २.६५ मीटर भरली. सांडपाण्याचा चेंबर न्हाणीघराच्या नियोजित जागेपासून सुमारे ७ मीटरवर असून त्याच्या नळाचा तळ गॅरेजच्या जमिनीखाली ४५० मिलिमीटरवर आहे.

मुख्य प्रश्न उंचीचा आहे. वडिलांना पायरी नको, म्हणून जमीन घराच्या पातळीला आणावी असे घरच्यांना वाटते; पण तसे केल्यास छत फार खाली येईल. दुसरे म्हणजे ओल खालून येते आहे की भिंतीतून, हे फरशी बसवण्याआधी कसे ओळखावे? तिसरे, पुढचा दीड मीटर भाग दुचाकीसाठी राखून मध्ये प्लायवूडचा आडोसा घालावा, अशी एक सूचना आली आहे. ती योग्य आहे का?

प्रतिसाद १

दुचाकीचा विचार आधी बाजूला ठेवतो, कारण तो सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि प्लायवूडच्या फटींतून आत येते. गाडी आत सुरू केली तर कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि त्याला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाच्या उशाशी हे नको. शिवाय तुमच्या वर्णनानुसार एक भिंत घराची आणि दुसरी हद्दीवरची, म्हणजे मागची थोडी मोकळी जागा सोडली तर उजेड आणि वारा येण्याची खरी जागा शटरचीच आहे; ती दुचाकीला दिली तर खोली कोंदट होणार. खिडकीचे क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक दशांश असावे हा बऱ्याच ठिकाणचा दंडक धरला, तर १६.५ चौरस मीटरच्या खोलीला १.६५ चौरस मीटर खिडकी लागते. शटरच्या जागी १.५ बाय १.२ मीटरची खिडकी सहज बसेल. ती पूर्ण उघडणारी घ्या, म्हणजे अडचणीच्या वेळी बाहेर पडायलाही उपयोगी पडेल.

शटरवरची तुळई आहे तशी राहू द्या. नव्या भिंतीवर फक्त तिचे स्वतःचे वजन येणार आहे. मात्र शटरच्या कडेला कोब्याखाली पाया असेलच असे नाही. तिथे थोडे खणून पाहा आणि पाया नसेल तर भिंतीपुरता अरुंद पाया भरून घ्या, अन्यथा काही काळाने जुन्या आणि नव्या बांधकामाच्या सांध्यावर उभी चीर जाते.

परवानगीबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. पार्किंगची जागा राहत्या खोलीत बदलणे हा अनेक ठिकाणी वापरातला बदल मानला जातो, त्यामुळे काम सुरू होण्याआधी लेखी मंजुरी घ्यावी. तिथेच किमान उंचीचाही नियम कळेल; तो कुठे २.१, कुठे २.४, तर कुठे २.७५ मीटर असतो.

प्रतिसाद २

उंची एकाच ठिकाणी मोजून चालत नाही. पाणी बाहेर जावे म्हणून गॅरेजच्या कोब्याला बहुधा शटरकडे उतार दिलेला असतो. गवंड्याकडून ट्यूब लेव्हल (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून चारही कोपऱ्यांच्या पातळ्या घ्या आणि त्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या खुणांवरच चालणार आहे.

मी तुमच्या जागी असतो तर जमीन पूर्ण ३०० नव्हे, तर मागच्या टोकाला १५० मिलिमीटरच उचलली असती. उरलेल्या १५० मिलिमीटरसाठी एकास बारा या उताराने १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, आणि तो घराच्या भिंतीलगत, दारापुढे १.२ मीटरची सपाट जागा सोडून बसतो. खोलीची एक बाजू त्यात जाते हे खरे आहे, परंतु पलंग हद्दीकडच्या बाजूला घेता येईल. जमीन अजिबात उचलली नाही तर हाच रॅम्प ३.६ मीटरचा होईल आणि खोलीत रॅम्पशिवाय फारसे काही उरणार नाही.

सांडपाण्यालाही हीच उंची सोयीची आहे. १०० मिलिमीटरच्या नळाला एकास चाळीस उतार धरला तर ७ मीटरमध्ये १७५ मिलिमीटर जातात. म्हणजे न्हाणीघराच्या टोकाला नळाचा तळ आजच्या जमिनीखाली २७५ मिलिमीटरवर येईल, आणि जमीन १५० ने उचलल्यावर नव्या फरशीखाली ४२५ मिलिमीटर मिळतील. आजच्या पातळीवर ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा वाकडा नळ) बसवताना प्लंबरची फार ओढाताण झाली असती.

ओलीसाठी सोपी चाचणी आहे. साधारण अर्धा मीटर चौरस प्लॅस्टिकचा जाड तुकडा कोब्यावर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. त्याच्या खालच्या बाजूला थेंब धरले किंवा कोबा काळपट झाला तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब फक्त वर असतील तर तो हवेतला दमटपणा. ऊन पडते ती जागा टाळा आणि चाचणी दोन-तीन ठिकाणी करा.

भिंतींच्या बाबतीत एक विनंती आहे. अर्ध्या विटेच्या भिंतीतून पावसाचे पाणी आत येऊ शकते, त्यामुळे आतून जिप्समचे बोर्ड ठोकून लोणा झाकू नका. बाहेरचा गिलावा आधी दुरुस्त करून घ्या, आतला फुगलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वरपर्यंत फोडा आणि भिंत वाळल्यावरच पुढचे काम करा. घाई करणारा कंत्राटदार नेमका इथेच दिवस वाचवतो.

विजेचे थोडक्यात: गॅरेजला बहुधा दिवा आणि एका प्लगपुरतीच वायर असते. गीझर आणि एसीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर आणा, अर्थिंग तपासा आणि न्हाणीघराच्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच लावा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. दुचाकीची कल्पना रद्द केली आहे. पातळ्या घेतल्या, कोबा मागच्या टोकाला शटरपेक्षा ७० मिलिमीटरने उंच आहे, म्हणजे मागे छत २.५८ मीटरवर आहे आणि १५० ने उचलल्यावर सर्वत्र २.४३ मीटर उंची राहील. आमच्याकडे किमान २.४ मीटर लागते, त्यामुळे जेमतेम का होईना, पण बसते. प्लॅस्टिकच्या चाचणीत मागे कोरडे निघाले, मात्र शटरजवळच्या तुकड्याखाली ठळक थेंब होते. बाहेरच्या रस्त्याचा उतार गॅरेजकडेच आहे. मग ओलरोधक थर फक्त पुढच्या भागात द्यावा का?

प्रतिसाद २

थर पूर्ण जमिनीवर द्या, कारण अर्धवट थराच्या कडेतून ओल मागे सरकते. जुन्या कोब्यावरचे तेलाचे डाग खरवडून आणि धुऊन घ्या, त्यावर किमान २५० मायक्रॉनचे प्लॅस्टिक पसरा, सांधे भरपूर एकमेकांवर चढवून चिकटवा आणि कडा भिंतींवर नव्या फरशीच्या पातळीपर्यंत वर घ्या. घराच्या जोत्यातला ओलरोधक थर जिथे सापडेल तिथे हा त्याला जोडून टाका. भर आणि काँक्रीट त्यानंतर. मात्र त्याआधी शटरच्या बाहेर पूर्ण रुंदीचे जाळीचे गटार बसवून रस्त्याचे पाणी बाजूला काढा आणि एखादा चांगला पाऊस झाल्यावर पुढच्या भागात चाचणी पुन्हा करा. थेंब कमी झाले तर मूळ कारण सापडले असे समजा. तसेच राहिले तर बाहेरची माती जोत्याला किती वर टेकली आहे ते पाहा, कारण ती आतल्या फरशीपेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवी. नव्या फरशीची २.४३ मीटर उंची धरताना फरशी आणि तिच्याखालच्या मसाल्याची जाडी त्या १५० मध्येच धरली आहे ना, हे कंत्राटदाराकडून लिहून घ्या. ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चूक तुम्हाला परवडणारी नाही.