मक्तेदारी, वर्चस्व की अडवणूक? किराणा साखळ्यांच्या बातम्यांतले शब्द

मूळ विचारणा

बड्या किराणा साखळ्यांमधली स्पर्धा टिकावी म्हणून वेगवेगळी सरकारे काय करतात, यावर मराठीत लेख लिहितो आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडलो आहे. ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटमधल्या किराणा विक्रीपैकी सुमारे ६७ टक्के विक्री वूलवर्थ्स आणि कोल्स या दोघांकडेच आहे. आपल्या बातम्यांत अशा वेळी सरसकट 'मक्तेदारी' लिहितात. पण दोघांची मक्तेदारी कशी असेल? पाठ्यपुस्तकातला 'अल्पाधिकार' (बाजार मोजक्याच विक्रेत्यांच्या हाती असणे) वापरला, तर वाचकाला वाटेल की कुणाचे तरी अधिकार कमी आहेत, म्हणजे नेमका उलटा अर्थ. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद

मक्ता हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मक्ता म्हणजे ठेका, इजारा. सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि वसुलीचा किंवा विक्रीचा हक्क एकट्याने भोगायचा, तो मक्तेदार. म्हणजे मक्तेदारी मुळात कुणीतरी दिलेली असते. किराणा साखळ्यांना असा हक्क कुणी दिलेला नाही. त्या एकेक दुकान उघडत आणि लहान साखळ्या विकत घेत वाढल्या. त्यामुळे 'मक्तेदारी' वाचले की 'मग सरकारने ती काढून घ्यावी' असे मनात येते, पण इथे काढून घेण्यासारखा परवाना नसतोच. मी 'दोघांची पकड' किंवा 'मोजक्यांची पकड' लिहीन. 'अल्पाधिकार' मलाही खटकतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर तो कुणाच्या तोंडी नाही.

प्रतिसाद

व्युत्पत्ती बरोबर आहे, पण निष्कर्षाशी सहमत नाही. शब्द मूळ अर्थाला बांधलेला राहत नाही. 'या घराण्याची राजकारणात मक्तेदारी आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा ठेका कुणी दिला हे विचारत नाही. आक्षेप घ्यायचाच तर संख्येवर घ्या. मक्तेदारीत विकणारा एकच असतो, इथे दोन-चार आहेत.

त्यापेक्षा महत्त्वाचा शब्द 'वर्चस्व', आणि त्याबाबत आपण फार ढिले आहोत. स्पर्धेच्या कायद्यांत वर्चस्व असणे हा सहसा गुन्हा नसतो, वर्चस्वाचा गैरवापर हा गुन्हा असतो. 'अमुक साखळीवर वर्चस्वाचा ठपका' असा मथळा म्हणूनच चुकीचा. फिनलंडचे उदाहरण पाहा. तिथल्या कायद्यात २०१४ पासून तरतूद आहे की रोजच्या वापराच्या वस्तूंच्या किरकोळ विक्रीत ज्या गटाचा देशभरातला वाटा किमान ३० टक्के आहे, त्याचे वर्चस्व आहे असे धरूनच चालायचे. एरवी हे वर्चस्व सिद्ध करण्यातच खटल्याची वर्षे जातात. तिथले दोन्ही मोठे गट या रेषेच्या वर आहेत. म्हणून ते दोषी ठरले का? नाही. त्यांच्यावर जास्त जबाबदारी आली, एवढेच. 'वर्चस्व' आणि 'वर्चस्वाचा गैरवापर' हे दोन शब्दप्रयोग लेखात काटेकोरपणे वेगळे ठेवा, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद

आतापर्यंतची सगळी चर्चा गिऱ्हाइकाच्या बाजूने झाली. साखळीला माल पुरवणाऱ्याकडे कुणी पाहिलेच नाही, आणि धोरणाचा मोठा भाग तर तिथेच आहे. साखळी गिऱ्हाइकाला विकते तशी पुरवठादाराकडून घेतेही. घेणारे चारच असले की विकणारा हवालदिल होतो. या ताकदीला पुस्तकी मराठीत 'क्रेताधिकार' म्हणता येईल, पण तिच्या गैरवापराला आपल्याकडे अस्सल शब्द आहे: अडवणूक. समोरच्याची गरज ओळखून त्याला कोंडीत धरायचे आणि अटी मान्य करून घ्यायच्या. पिळवणूक नव्हे. पिळवणूक दीर्घकाळची, अडवणूक नेमक्या क्षणाची.

ब्रिटनची किराणा पुरवठा आचारसंहिता २०१० मध्ये लागू झाली. ती कशावर बोट ठेवते ते पाहिले की हा शब्द किती चपखल आहे हे पटते. माल पोचल्यावर मागच्या तारखेने कराराच्या अटी बदलायच्या नाहीत. दुकानातून माल चोरीला गेला तर त्याची भरपाई पुरवठादाराकडून मागायची नाही. पैसे वाजवी मुदतीत द्यायचे. दुसरी अट पुन्हा वाचा. चोरी साखळीच्या दुकानात, पहारा साखळीचा, आणि भुर्दंड माल बनवणाऱ्याला! हे मनाई करून थांबवावे लागले, यातच सगळे आले. वर्षाला १ अब्ज पौंडांहून जास्त किराणा विक्री असलेल्या साखळ्या या संहितेखाली येतात, आणि तिच्या अंमलबजावणीसाठी २०१३ मध्ये स्वतंत्र पद निर्माण झाले. त्या पदाला 'लवाद' म्हणावे की 'लोकपाल'? मी 'संहिता-लवाद' म्हणेन. ऑस्ट्रेलियातही अशी संहिता आधी ऐच्छिक होती, ती १ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाली.

प्रतिसाद

आणखी एका शब्दाबद्दल सावध करतो: 'निर्गुंतवणूक'. दोन साखळ्या एकत्र येत असल्या की स्पर्धेचे नियामक पुष्कळदा अट घालतात की जिथे दोघांची दुकाने शेजारी-शेजारी आहेत, तिथली काही तिसऱ्याला विका. मराठी बातमीत याचे 'निर्गुंतवणूक' होते आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे सरकारी कंपनीतले भाग विकणे येते. सरळ 'दुकाने विकण्याची अट' लिहा.

ही अट कागदावर शोभते, पण फसूही शकते. अमेरिकेत २०१५ मध्ये आल्बर्टसन्सने सेफवे घेतली, तेव्हा विकायला लावलेल्या दुकानांपैकी १४६ हॅगन नावाच्या लहान साखळीने घेतली. एका फटक्यात कितीतरी पटींनी मोठी झालेली ही साखळी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. पुढे क्रोगर आणि आल्बर्टसन्स यांचा २४.६ अब्ज डॉलरचा व्यवहार आला, तेव्हाही ५७९ दुकाने तिसऱ्याला विकण्याचा प्रस्ताव होता. तो पुरेसा नाही असे ठरून डिसेंबर २०२४ मध्ये ओरेगॉनच्या संघीय न्यायालयाने व्यवहार रोखला. ब्रिटनमध्ये सेन्सबरीज आणि अ‍ॅस्डा यांचे एकत्रीकरण नियामकाने एप्रिल २०१९ मध्येच थांबवले होते. आणि हो, 'रोखला' लिहा. 'फेटाळला' म्हटले की कुणी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला, असा भास होतो.

मूळ विचारणा करणारा

सर्वांचे मनापासून आभार. 'अडवणूक' तर लेखाच्या शीर्षकातच घेतो. 'दुकाने विकण्याची अट' हेही पटले. एकच राहिले. न्यूझीलंडमध्ये बड्या साखळ्या आसपासच्या जागांच्या दस्तऐवजात अशी अट घालून ठेवत की इथे दुसऱ्या कुणी सुपरमार्केट काढायचे नाही. २०२२ मध्ये कायदा करून अशा अटी रद्द केल्या गेल्या. याला काय म्हणावे? 'निर्बंधात्मक प्रसंविदा' लिहायला हात धजावत नाही.

प्रतिसाद

धजावू नकाच. 'जागेवरची बंदी-अट' पुरे. पहिल्यांदा येईल तेव्हा एका वाक्यात खुलासा करा: जागा कुणाचीही असो, तिथे प्रतिस्पर्ध्याने दुकान थाटू नये म्हणून दस्तात घालून ठेवलेली अट. पुढे नुसते 'बंदी-अट'. 'बंदी' एकटा वापरू नका, कारण त्याच लेखात सरकारने या अटींवर घातलेली बंदीही येणार, आणि कुणी कुणावर बंदी घातली याचा घोळ होईल. कायद्यासाठी 'रद्द केल्या' किंवा 'निरर्थक ठरवल्या' हेच क्रियापद ठेवा.