मदत हवी आहे : आईसोबत प्रागमध्ये दोन दिवस

मे महिन्यात आईला घेऊन प्रागला जातेय. तिचे गुडघे दुखतात, पण १३५७ साली बांधायला घेतलेला चार्ल्स पूल तिला पायीच ओलांडायचाय. शिवाय १४१० सालचं खगोलीय घड्याळ! ठोके पडताना त्याच्या खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, हे कळल्यापासून तिने ध्यासच घेतलाय.

माझा विचार असा, २२ नंबरच्या ट्रामने वर किल्ल्यापाशी जायचं, सेंट व्हिटस कॅथेड्रल निवांत बघायचं आणि उतरत पुलाकडे यायचं. पण तो उतार आणि दगडी फरसबंद गल्ल्या तिला झेपतील का? की खालीही ट्रामनेच यावं? पुलावर गर्दी कमी कधी असते? जुनी ज्यू दफनभूमी दुसऱ्या दिवशी ठेवू का? वयस्कर आईवडिलांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.