कल्पित नगरीतलं महामंदिर कसं उभं राहील? दगडाचं काम जाणणाऱ्यांनी लिहा

शिलालेख:
एका दिवाळी अंकातली अद्भुतकथा वाचली आणि जालन्याकडचं अन्व्याचं देऊळ आठवलं. कथेत राजधानीच्या मधोमध हजार वर्षांचं महामंदिर आहे. आभाळाला भिडलेले खांब, अधांतरी घुमट, आणि हजार वर्षांत एक दगड हललेला नाही. इथंच ती कथा पोकळ वाटली. औंढा नागनाथाला बघा, खाली कोरीव दगडाची भिंत, वर फार नंतरचं विटा-चुन्याचं शिखर, आणि गाभारा मंडपाच्या जमिनीखाली, अरुंद पायऱ्या उतरून जायचा. घृष्णेश्वर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधून घेतलं. कल्पित मंदिराला इतिहास द्यायचा तर तो भिंतीत दिसावा. कुठल्या थरापर्यंत कोणाचं काम, पडलं कशानं, पुन्हा चढवलं कशानं.
मोजमाप, घडाई, दुरुस्ती यातलं ज्यांना कळतं त्यांनी लिहा. स्वतःविषयी नको, दगडाविषयी.

लेणं_सोळा:
वेरूळचं कैलास लेणं घ्या. खोदलेला खड्डा सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, मागची भिंत १०७ फूट. राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक. डोंगरात आधी तीन बाजूंनी चर खाली नेले, मधे अखंड ठोकळा ठेवला आणि कळसापासून कोरत खाली आले. परांची लागत नाही, हा फायदा. तोटा असा की वर चुकलेलं खाली आल्यावर दुरुस्त होत नाही, कारण बदली दगड बसवायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे छिन्नी लावायच्या आधी पूर्ण मंदिर मोजून ठरलेलं असायला हवं. कर्कराजाच्या ८१२-१३ च्या बडोदा ताम्रपटात आहे की घडवणारा कारागीर स्वतःच थक्क झाला, हे माझ्या हातून झालं कसं म्हणून.
आणि लेखकांनी एक सांगावं, निघालेला दगड गेला कुठं? वेरूळला डोंगराचा उतार समोर मोकळा आहे म्हणून तो बाहेर काढता आला. सपाट मैदानात असं मंदिर कोराल तर आधी खड्ड्यातून दगड वर चढवायची सोय लिहा.

गोदाकाठची:
लेणं_सोळा दादा, अजून एक, ते काळंच्या काळं नव्हतं. पांढऱ्या गिलाव्याचे पोपडे अजून दिसतात काही जागी. कथेतली सगळी जुनी मंदिरं करड्या दगडाची का असतात कोण जाणे. भाकरी टाकून आले, बाकी नंतर.

छिन्नी_हातोडा:
खांबाच्या उंचीचं कौतुक सगळे करतात. अडतं ते तुळईवर, म्हणजे दोन खांबांवर आडव्या ठेवलेल्या दगडावर. आपला काळा पाषाण घनफुटाला साधारण ८० किलो भरतो. ७ फूट लांब, दीड बाय दीडची तुळई म्हणजे सव्वा टन. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून तुळई मधोमध खालच्या अंगाला तडकते. ८-९ फुटांच्या पुढं गाळा (दोन खांबांमधलं अंतर) न्यायचा म्हणजे धोका. म्हणून तर मंडपात इतके खांब. खांबाच्या डोक्यावरचा कीचक हात वर करून बसलाय ना, तो नुसता शोभेचा नाही. त्याच्या जागेचा हस्त, म्हणजे तुळईखालचा आधाराचा दगड, दोन्हीकडून पुढं येतो आणि गाळा तेवढा कमी होतो.
छताचं गणित तर फार सुंदर आहे. ८ फुटी चौक घ्या. चार कोपऱ्यांत तिकोनी शिळा ठेवा, बाजूच्या मध्यापासून मध्यापर्यंत. आतला चौक तिरका होतो, बाजू साधारण ५ फूट ८ इंच. त्यावर पुन्हा तसंच, आता बाजू ४ फूट. दर थराला क्षेत्रफळ निम्मं. मग एकच शिळा, तिच्यावर कमळ कोरायचं, झालं छत. कमान नाही, चुना नाही.

निलंगा_रोड:
लय भारी सांगितलं बगा. निलंग्याच्या निळकंठेश्वराला तीन गाभारे हायेत एका मंडपाभोवती. मधल्या चौकातल्या चार खांबांवर सगळ्यात जास्त भार येतो. एक खांब कलला तर त्याच्यावर टेकलेल्या सगळ्या तुळया उघडतात. खांबाचे भाग एकावर एक नुसते ठेवलेले असतात, बैठक, चौरस, अष्टकोन, गोल, मग हस्त. वरचं वजन हेच त्याला धरून ठेवतं. दुरुस्तीला छत उतरवलं की आधी खांब बांधून घ्यावे लागतात, नाहीतर धक्क्यानं पडतात.

शिलालेख:
हे फार मोलाचं आहे. कोणी पायाबद्दल लिहाल का? कथेतली नगरी नदीकाठच्या काळ्या जमिनीवर आहे.

काळी_भारी:
काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. देऊळ खचतं ते सगळं एकदम नाही, एक कोपरा खचतो. बहुतेक वेळा ज्या कोपऱ्यात पाणी साचतं तोच. अभिषेकाचं पाणी काढणारा मकरमुखी प्रणाल बघा, गाभाऱ्याच्या उत्तर अंगाला. तो पुढं काढलेला असतो, पाणी जोत्यापासून लांब पडावं म्हणून. प्रणाल तुंबला की पाणी जोत्यात मुरतं, आतली भर ओली होते, बाहेरचे थर पोट काढतात. कथेत मंदिर पाडायला राक्षस आणायची गरज नाही, एक नाली बुजवा.
सध्या गावोगाव जोत्याभोवती फरशी टाकायलेत, बऱ्याचदा उतार उलटा, देवळाकडं. काळजाला लागतं.

लेणं_सोळा:
+१ उतारासाठी. फरशी घालायचीच असेल तर ४-५ फुटांना एक इंच तरी बाहेर काढा.

परभणी_पूल:
धारासूरच्या गुप्तेश्वराला कोणी अलीकडे जाऊन आलं का? गंगाखेडहून रस्ता कसा आहे? आई सोबत आहे, गुडघे दुखतात.

गोदाकाठची:
ताई, सकाळी जा, ऊन लागायच्या आत. आईंना बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी (अप्सरांच्या मूर्ती) आधी दाखवा, त्याला चढावं लागत नाही.

अंबा_जोगाई:
मंदिर का बांधलं हे कथांमध्ये कायम "राजाला स्वप्न पडलं" असं असतं. आमच्याकडचं कारण त्याहून खोल आहे. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला. बहीण लक्ष्मीनं भावाच्या नावानं देऊळ उभं केलं, शिलालेख शके ११६२, म्हणजे इ.स. १२४०. खोलेश्वर, सकलेश्वर (आम्ही बाराखांबी म्हणतो), सगळं एकाच गावात आहे.
अजून एक. आपल्याकडं दिसेल ते जुनं देऊळ हेमाडपंतांच्या नावावर जातं. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. कित्येक देवळं त्याच्या शंभर वर्षं आधीची, चालुक्यांच्या काळातली. कल्पित राज्यातही लोकांनी सगळं एकाच मंत्र्याच्या नावावर टाकलेलं दाखवा, खरं वाटेल.

छिन्नी_हातोडा:
चुना नाही म्हणून सांधे ढिले असतील असं समजू नका. एका शिळेला खाच, दुसरीला जीभ. वरचा आणि खालचा चेहरा घासून इतका सपाट की फटीत पोस्टकार्ड जात नाही. दर्शनी बाजूची नक्षी पुष्कळदा दगड जागेवर चढवल्यावर पुरी करतात. म्हणून काही देवळांत एखादा पट्टा अर्धवट कोरलेला राहिलेला दिसतो. पैसा संपला, युद्ध आलं, काहीही. लेखकाला हे फुकटचं सोनं आहे.
लोखंडी पट्ट्या मात्र घात करतात. गंजलं की लोखंड फुगतं आणि आतून शिळेचा कोपरा उडवतं. आता दुरुस्तीत स्टेनलेस स्टील वापरतात.

चुन्याची_घाणी:
तेच सिमेंटचं. दगड-चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं सांधे भरले की ओल दगडातूनच बाहेर पडते, सोबत क्षार येतात आणि दगडाची सालपटं निघतात. ऑइलपेंटनं पण तेच. रंग काढायला सँडब्लास्टिंग अजिबात नको, नाकडोळे जातात. रसायनाचा लेप लावून, मऊ ब्रशनं, हात-हात जागा घेत काढायचा.

निलंगा_रोड:
घाणीवाले अण्णा, आमच्या वाड्याचं धाबं (मातीचं सपाट छत) गळायलंय. चुन्याचा कोबा कसा करावा?

चुन्याची_घाणी:
कळीचा चुना खड्ड्यात विरवा, किमान १५ दिवस पाण्याखाली, महिना झाला तर उत्तम. चाळून घ्या. एक भाग चुना, एक सुरखी (विटांची पूड), एक वाळू, घाणीत मळून. गूळ आणि हिरड्याचं आंबवलेलं पाणी. विटांचे तुकडे मिसळून ३-४ इंच थर, लाकडी थापीनं कुटत राहायचं, थापी उसळायला लागेपर्यंत. नंतर दोन आठवडे ओलं गोणपाट. मे महिन्यात करू नका, वरून वाळतो, आत कच्चा राहतो, तडे जातात. आणि आधी जुनी माती खाली उतरवा. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर टाकले की वजनानंच सर (छताच्या लाकडी तुळया) मोडतात. देवळांच्या छतांवरही हेच झालंय.

निलंगा_रोड:
लय उपकार झाले अण्णा.

गोदाकाठची:
आले परत. उजेडाचं कोणी लिहिलंच नाही. कथेतलं मंदिर रंगीत काचांनी उजळलेलं होतं. आपल्याकडं उलट, मुखमंडप उघडा, कक्षासनावरून (कडेच्या दगडी बैठकीवरून) ऊन आत येतं, सभामंडप अर्धा उजेडात, अंतराळात (गाभाऱ्यापुढच्या लहान जागेत) संधिप्रकाश, गाभाऱ्यात समईपुरतं. द्वारशाखेवरची, म्हणजे दाराच्या चौकटीवरची, नक्षी म्हणूनच खोल कोरतात, तिरप्या उजेडात ती उठून दिसते. समोरून टॉर्च मारला की सपाट. फोटो काढणाऱ्यांनी दिवा बाजूला धरावा, चौकटीला जवळजवळ टेकवून.

काळी_भारी:
पिंपळाचं राहिलं. शिखरातला पिंपळ वरून छाटला की मुळं आत आणखी जाड होतात. ओढून काढला तर दगड सोबत येतो. बुंधा कापून ताज्या कापावरच मुळं मारायचं औषध लावायचं, मूळ मेल्याची खात्री झाली की मगच पोकळी चुन्यानं भरायची.

परभणी_पूल:
आभार गोदाकाठची ताई. आमच्या गावची बारव (पायऱ्यांची विहीर) उपसायची म्हणायलेत पोरं, जेसीबी सांगितलाय. बरोबर आहे का?

काळी_भारी:
जेसीबी नको ताई. बकेट पायरीला लागली की पुढची सगळी रांग सरकते. पाणीही एका दिवसात उपसू नका. भिंतीमागची माती ओली असते, आतल्या पाण्याचा आधार एकदम गेला की ती भिंत आत ढकलते. रोज हात-दीड हात उतरवा, भिंतीवर नजर ठेवा. गाळात कोरीव दगड निघाले तर कुठल्या बाजूला, किती खोल सापडले ते लिहून फोटो काढून मगच वर आणा. कोनाड्यांतल्या मूर्ती बहुतेक वेळा तिथंच खाली पडलेल्या असतात.