मणक्याच्या शस्त्रक्रियेतील नवोदित संशोधकांसाठी पुरस्कार: निकष कसे ठरवावेत?

गोषवारा_पेटी:
संघटनेच्या वार्षिक परिषदेत नवोदित स्पाइन संशोधकासाठी पुरस्कार सुरू करायचा आहे. मसुद्यात ‘वय ३५ पर्यंत, किमान ५ पेपर’ अशी अट आहे. दोन्ही पटत नाहीत, पण बैठकीत विरोध करायचा तर हातात पर्याय हवा. मुदत कुठून मोजायची, गुण कशाला द्यायचे, आणि सरांच्या पुण्याईवर आलेला पेपर ओळखायचा कसा?

मोजपट्टी:
वयाची अट काढाच. प्रशिक्षण संपल्याच्या तारखेपासून ७ वर्षं धरा. बाळंतपण, आजारपणाची रजा त्यात वाढवून द्या.

७ का? फेलोशिप बहुधा वर्षभराची असते, आणि फ्यूजन (मणके एकमेकांना जोडणं) किंवा डिफॉर्मिटीच्या (कण्याचा बाक) पेपरला किमान २ वर्षांचा फॉलो-अप (शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या) मागतात. नैतिकता समितीची मंजुरी, दीडएक वर्ष रुग्णभरती, शेवटच्या रुग्णाची २ वर्षं, मग विश्लेषण आणि लेखन. साडेचार वर्षं कुठेच गेली नाहीत. मुदत ३ वर्षांची ठेवलीत तर दारात फक्त जुन्या फायली चाळून केलेले अभ्यास येतील, आणि मग तुम्हीच म्हणाल की तरुणांना प्रॉस्पेक्टिव्ह (आधी आराखडा करून मग रुग्ण घेत जाणारं) काम नको असतं.

आणखी एक आधीच ठरवा: पुरस्कार पेपरला की माणसाला? स्कोलिओसिस (कणा बाजूला वाकणं) रिसर्च सोसायटीचे हिब्स पुरस्कार पेपरला दिले जातात, क्लिनिकल आणि मूलभूत असे वेगवेगळे. ही विभागणी उचलण्यासारखी आहे. मणक्यांमधल्या चकतीच्या पेशींवर काम करणारी संशोधक आणि मणक्यात बसवायच्या पेडिकल स्क्रूची पकड तपासणारा सर्जन एकाच तागडीत बसत नाहीत.

पी_व्हॅल्यू_पुरे:
पेपरांची संख्या मागूच नका. उमेदवाराने स्वतः निवडलेले जास्तीत जास्त २ पेपर घ्या आणि ते खरंच वाचा.

१०० पैकी प्रश्नाला २५, पद्धतीला ४०, स्वतःच्या वाट्याला २५, मांडणीला १०. निकाल नकारात्मक आला म्हणून एकही गुण कापायचा नाही.

पद्धतीत काय बघायचं? ऑस्वेस्ट्री स्कोअर (कंबरदुखीने रोजची कामं किती अडतात याची मोजणी) ० ते १०० असतो. दोन गटांत ४ गुणांचा फरक, पी (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली, आणि निष्कर्षात ‘लक्षणीय सुधारणा’! रुग्णाला जाणवेल असा फरक साधारण १० गुणांच्या आसपास धरतात. तो पकडायचा तर, प्रमाण विचलन (गुणांचा विखुरलेपणा) २० धरून ८० टक्के पॉवरला (खरा फरक पकडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ६४ रुग्ण लागतात. २० टक्के गळती धरली की ८०. हे गणित पेपरात आधी मांडलेलं आहे का, की रुग्ण मिळाले तेवढे घेतले?

कॉब अँगलचंही (एक्स-रेवर मोजलेला कण्याच्या बाकाचा कोन) तेच. दोन वाचनांत ५ अंशांचा फरक नुसत्या मोजणीतूनही पडू शकतो. ‘३ अंशांनी जास्त करेक्शन’ (बाक सरळ होणं) दिसलं की कोणी मोजलं, किती वेळा, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच मोजलं का, हे विचारा. फॉलो-अपला न आलेल्यांचा हिशेब नसेल तर पद्धतीत निम्मे गुणही देऊ नका. न आलेले बरे झाले म्हणून आले नाहीत की दुसरीकडे रिव्हिजन (पुन्हा शस्त्रक्रिया) करून घेतली, हे कोण सांगणार?

नाव_झाकून:
नावं झाकणार असाल तर नीट झाका. पहिल्या पानावरचं नाव सगळेच काढतात. राहून जातं ते एक्स-रेच्या कोपऱ्यातलं रुग्णालयाचं नाव (कधीकधी रुग्णाचंही, तो वेगळाच गुन्हा), पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव, नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक आणि ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ हे वाक्य. हे काम परीक्षक नसलेल्या माणसाकडे द्या.

एवढं करूनही क्षेत्र लहान. नुसत्या तंत्रावरून केंद्र ओळखू येतं. म्हणून गेल्या ३ वर्षांत उमेदवाराचा सहलेखक किंवा मार्गदर्शक असलेल्या परीक्षकाने त्या पेपरला गुणच द्यायचे नाहीत.

मोजपट्टी:
@पी_व्हॅल्यू_पुरे, स्वतःच्या वाट्याचे २५ गुण नाव झाकून कसे देणार? दोन टप्पे लागतील. आधी झाकून ७५ पैकी, मग वरच्या ५ जणांची १० मिनिटांची मुलाखत.

मुलाखतीआधी एक पान भरून घ्या: प्रश्न कोणी मांडला, प्रोटोकॉल कोणी लिहिला, मोजमापं कोणी घेतली, विश्लेषण कोणी केलं. सगळ्या सहलेखकांच्या सह्या हव्यात. मग विचारा, ‘कोणते रुग्ण वगळले आणि का?’ डेटा स्वतः हाताळलेला माणूस आकड्यासकट उत्तर देतो. नाव चिकटवलेला सरांकडे बघतो.

पी_व्हॅल्यू_पुरे:
मान्य. आणि बेरजेवर क्रमांक लावू नका. एक परीक्षक सढळ, दुसरा कंजूष. वेगवेगळे पेपर वेगवेगळ्यांकडे गेले की निकाल नशिबावर. सगळे पेपर तिघांनी वाचावेत, प्रत्येकाने आपला क्रम लावावा आणि क्रमांकांची सरासरी काढावी. सुरुवातीला गेल्या परिषदेतले दोन पेपर तिघांनाही तपासायला द्या. कोण कुठे अडतो ते तिथेच कळेल.

गोषवारा_पेटी:
दोन टप्पे आणि ७ वर्षं मसुद्यात घालतोय. रोख रक्कम द्यावी का?

नाव_झाकून:
थोडी द्या. त्यापेक्षा पुढच्या अभ्यासासाठी संख्याशास्त्रज्ञाचे ठरावीक तास बांधून द्या. नमुनासंख्येचं गणित भरती सुरू होण्याआधी करून मिळणं, हे ढालीपेक्षा जास्त कामाला येतं.